चाकांच्या गावात पायी

पनवेल हे पहिल्यापासून चाकांचे गाव. रेल्वे नव्हती त्या काळी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस मचव्यात बसून खाडीमार्गे पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि इथून गाडी करून घाटाकडे निघायचा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि पनवेलचा बाजार वाढला. जुन्या सरकारी गॅझेटियरात बैलगाडीची चाके बनवणे हा इथला नावाजलेला धंदा म्हणून नोंदलेला आहे. १८५२ साली इथे नगरपालिका झाली, देशातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. पुढे पुण्याच्या रेल्वेने कर्जतची वाट धरली, बंदर गाळाने भरत गेले. पण चाके काही थांबली नाहीत. आज पुण्याचा द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीतून सुटतो, गोव्याचा रस्ता इथूनच फुटतो, आणि एसटी स्टँडवर रात्री दोन वाजताही कोकणात जाणाऱ्यांची गर्दी असते.

अशा या गावात मी एकवीस वर्षांपूर्वी म्हसळ्याकडून लग्न होऊन आले. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. घर जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात, शाळा थोडी लांब. एकवीस वर्षांत मी हे गाव चालून पाहिले नव्हते. आधी रिक्षा, मग स्कूटी. सकाळी डबे, शाळा, पेपर तपासणे, बाजार, घर. सासूबाईंना सोबत घेऊन बाजारात गेले तर त्या मागे राहायच्या. त्यांचा डावा पाय नडगीत वाकडा आहे, त्या लंगडत चालतात. मी दहा पावले पुढे जाऊन उभी राहायची आणि मनात घड्याळ बघायची.

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हे सगळे थांबले.

शाळा सुटून घरी निघाले होते. पाऊस धो धो. उरण नाक्याजवळ रस्त्यावर पाणी साचलेले, खाली खड्डा आहे की नाही ते दिसेना. स्कूटीचे पुढचे चाक आत गेले, गाडी उजव्या पायावर आडवी झाली, आणि कोरडे लाकूड मोडावे तसा आवाज आला. पाहिले तर पाऊल भलतीकडेच वळलेले. मी उठायला गेले तोच मासळी विकणारी एक कोळीण धावत आली आणि तिने माझा खांदा दाबून धरला. "हलू नको गो बाय. पाय तसाच ऱ्हाऊ दे." तिने कुठून तरी खोक्याचा जाड पुठ्ठा आणला, पायाच्या दोन्ही बाजूंना लावला आणि माझ्याच ओढणीने गुडघ्याच्या वर व घोट्याच्या खाली बांधला. रिक्षावाल्या एका मुलाने १०८ ला फोन केला. कोणी पायावर हळद लावा म्हणाले, कोणी ओढून सरळ करा म्हणाले. त्या बाईने कोणालाही हात लावू दिला नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, हाडाचे टोक कातडीतून बाहेर आले नाही ते तिच्यामुळे.

वाचक बहिणींनो, इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. अपघात झालेल्याला हात लावला तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीती अजून आपल्या लोकांत आहे. मदत करणाऱ्याला अडवून ठेवू नये, नाव सांगण्याची सक्ती करू नये, असे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसे कलम आले. म्हणून घाबरू नका. पण मदत त्या कोळणीसारखी करा. मोडलेला अवयव आहे तसा आधार देऊन बांधा, ओढू नका, चोळू नका, आणि काही खायला-प्यायला देऊ नका. ऑपरेशन करावे लागले तर पोट रिकामे असावे लागते.

एक्स-रेमध्ये नडगीचे हाड मधोमध तीन ठिकाणी तुटलेले दिसले. शेजारचे बारीक हाडही मोडले होते. डॉक्टरांनी सांगितले, आत सळई घालावी लागेल. आमचे हे गप्प उभे. एवढ्यात गावाहून मामूंचा फोन आला, "ऑपरेशन कशाला? आपल्याकडे हाडवैद्य आहे. पट्ट्या बांधून दीड महिन्यात चालवतो. लोखंड घातले की माणूस जन्माचा अधू." फोनवर आणखी दोघांनी तेच सांगितले. मलाही मोह झाला. सुरीची भीती कोणाला नसते?

तेव्हा सासूबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी सलवारचा पाय वर केला आणि मुलाला म्हणाल्या, "इकडे बघ. नऊ वर्षांची होते. आंब्यावरून पडले. अब्बांनी मला हाडवैद्याकडे नेले, कारण दुसरे कोण होते तिथे? ना रस्ता, ना डॉक्टर. त्याने इमानाने बांधले, पण हाड वाकडे जुळले. साठ वर्षे मी हा पाय ओढते आहे. आता डॉक्टर समोर उभा आहे आणि तुम्ही फोनवर सल्ला घेताय? कागद आण, सही कर."

एकवीस वर्षांत त्या पायाची गोष्ट मी कधी विचारली नव्हती.

हाडवैद्यांची निंदा मला करायची नाही. हाडे बसवणे ही जुनी विद्या आहे. उर्दूत हाडे बसवणाऱ्याला कमानगर म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ धनुष्य बनवणारा. हजार वर्षांपूर्वी कुर्तुबा शहरातल्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या तीस खंडांच्या वैद्यकग्रंथाचा शेवटचा खंड शस्त्रक्रियेला दिला, आणि त्यातला एक पूर्ण भाग मोडलेल्या व निखळलेल्या हाडांवर आहे. पण त्यांच्याजवळ एक्स-रे नव्हता, भूल नव्हती. आज ते असताना डोळे मिटून हाड बांधून घेणे म्हणजे त्या विद्येचाही अपमान. शिवाय मोडलेला पाय सुजतो, आणि सुजलेल्या पायावर घट्ट पट्टी असली की रक्त अडते. औषध घेऊनही वेदना वाढतच जाणे, बोटे बधिर, थंड किंवा निळी पडणे, बोट जरा ताणले तरी असह्य कळ येणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. पट्टी कोणीही बांधलेली असो, हाडवैद्याने किंवा डॉक्टरने. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा १९८१ साली तामिळनाडूत बसचा अपघात झाला, जखमी पायात गँगरीन झाले आणि पाय कापावा लागला. त्या जयपूर फूट लावून पुन्हा नाचल्या, ही त्यांची हिंमत. पण पाऊल वाचवता आले तर कोणाला नको आहे?

सूज उतरण्यासाठी दोन दिवस थांबून तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. मी जागी होते. पडद्यापलीकडे ठोकल्याचा आवाज येत होता, एखाद्या सुताराच्या दुकानात बसल्यासारखा, आणि मी ओठांत दुआ म्हणत होते. गुडघ्याच्या वाटीखाली लहानसा छेद घेऊन हाडाच्या पोकळीत वरून खाली सळई घालतात आणि दोन्ही टोकांना आडवे स्क्रू बसवतात, म्हणजे हाड फिरत नाही आणि आखूड होत नाही. ही पद्धत जर्मनीतल्या कील शहरातील गेरहार्ट कुंट्शर यांनी १९३९ साली मांडीच्या हाडावर सुरू केली. महायुद्ध संपल्यावर घरी परतलेल्या कैद्यांच्या मांडीत सळया पाहून तिकडचे डॉक्टर चकित झाले होते म्हणतात. मामूंचे "लोखंड" ते हेच. सळई हाड जोडत नाही. ती फक्त हाडाला सरळ धरून ठेवते. जोडण्याचे काम अल्लाहने शरीरालाच दिले आहे.

खर्चाचेही सांगते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. या योजनेची सुरुवात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत झाली, त्यात आपला रायगड होता. पण अनेकांना अजून माहीत नाही. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांच्याकडे जा, मग दागिने गहाण ठेवायचा विचार करा.

पाचव्या दिवशी घरी आले. आमचे घर जुने, पुढे ओटा, आत उंच उंबरठा. वॉकर घेऊन तो उंबरठा ओलांडायला मला पाच मिनिटे लागली. डॉक्टरांनी सांगितले होते, सहा आठवडे पायाचे फक्त बोट जमिनीला टेकवायचे, भार द्यायचा नाही. हाडाचे तुकडे जास्त होते म्हणून. ज्यांचे हाड सरळ मोडते त्यांना लवकर भार द्यायला सांगतात. मात्र व्यायाम पहिल्या दिवसापासून. पाऊल वर-खाली दर तासाला, म्हणजे पोटरीत रक्त गोठत नाही. गुडघा वाकवणे, मांडी आवळणे. दुखते म्हणून गुडघा सरळ ठेवून पडून राहिले तर हाड जुळते आणि गुडघा आखडतो.

नमाजचा प्रश्न होता. वजू करताना पट्टीवर ओला हात फिरवला, म्हणजे मसह केला, तरी चालते. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, रुकू-सजदा इशाऱ्याने. शरीअतची ही सवलत मी मुलांना दरवर्षी शिकवते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र खुर्चीवर बसून मान झुकवताना डोळ्यांत पाणी आले. नमाज अपुरी झाली असे वाटायचे. सासूबाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षे पाय एका बाजूला काढून कायद्यात बसते. माझी नमाज काय अपुरी?" मी गप्प झाले.

सहा आठवड्यांनी थोडा भार द्यायची परवानगी मिळाली आणि माझा खरा प्रवास सुरू झाला. पहिल्या दिवशी वॉकर घेऊन ओट्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत. चौथ्या दिवशी बेकरीपर्यंत. मग कुबड्या आल्या आणि मी रोज असर नंतर निघू लागले. किती वर्षे ज्या रस्त्यावरून गाडी काढली, तो आता विटेविटेने कळू लागला. कुठे फरशी हलते, कुठल्या दुकानाची पायरी बसायला बरी, कुठला दुकानदार न विचारता स्टूल पुढे करतो. बेथ एल सिनेगॉगवरून मी हजारदा गेले असेन. आता त्याच्या भिंतीजवळ दम खायला थांबले तेव्हा लक्षात आले, ही इमारत १८४९ सालची, म्हणजे आपल्या नगरपालिकेहूनही जुनी. आपल्यासारखीच घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली लोकांची. त्यातले बहुतेक आता परदेशी गेले. त्यांच्या नावाचा इस्रायल तलाव मात्र गावात आहे. मुलांना स्थानिक इतिहास शिकवताना हे मी कधी सांगितले नव्हते, कारण मी कधी थांबलेच नव्हते.

तीन महिन्यांनी एक्स-रे काढला. मला वाटले, आता काठी सुटणार. डॉक्टर बराच वेळ फिल्म बघत राहिले. हाड जेवढे धरायला हवे होते तेवढे धरले नव्हते. नडगीच्या पुढे मांस नसते, फक्त कातडी. त्यामुळे तिथे रक्तपुरवठा मुळातच कमी आणि हे हाड उशिरा जुळते, असे ते म्हणाले. मग साखर तपासली, ती ठीक होती. त्यांनी विचारले, "तंबाखू वगैरे काही?"

मी म्हणाले, "नाही."

बहिणींनो, हे लिहायला मला आठ महिने लागले. मी खोटे बोलले. लग्नाआधीपासून मला मिश्रीची सवय आहे. सकाळी आणि रात्री, दार लावून. वर्गात तंबाखूवर निबंध लिहून घेणारी मी, माझ्या कपाटात कपड्यांच्या मागे मिश्रीची डबी. मिश्रीला आपण तंबाखू मानतच नाही. ती दात घासायची पूड! पण ती भाजलेली तंबाखूच असते. तिच्यातले निकोटिन रक्तवाहिन्या आकसून टाकते, आणि जिथे रक्त कमी पोहोचते तिथे हाड उशिरा भरते.

घरी येऊन दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटी रिक्षाने दवाखान्यात गेले आणि खरे सांगितले. वाटले होते डॉक्टर रागावतील. ते एवढेच म्हणाले, "बरे झाले सांगितलेत. हाड न भरण्याचे एकच कारण नसते. पण हे कारण तुमच्या हातात आहे." त्यांनी खालच्या बाजूचा एक स्क्रू काढायचे ठरवले, म्हणजे चालताना हाडाची टोके एकमेकांवर दाबली जातात आणि जुळायला मदत होते. आणि चालणे थांबवायचे नाही, उलट वाढवायचे असे सांगितले.

मिश्री सोडली तेव्हाचे पहिले दहा दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण गेले. डोके दुखायचे, मुलांवर ओरडायची, पोट साफ व्हायचे नाही. तलफ आली की कुबडी उचलून बाहेर पडायची. त्या दिवसांत मी वडाळे तळ्यापर्यंत जाऊ लागले. तळ्याच्या एका अंगाला बल्लाळेश्वराचे मंदिर, भोवती फिरायला केलेली वाट, पाण्यात कमळाची पाने. तिथे बाकावर बसलेली माणसे हळूहळू ओळखीची झाली. सगळे कशातून तरी उठलेले. एकांना अर्धांगवायू झालेला, एकींचे गुडघे बदललेले. आम्ही एकमेकांना नाव विचारण्याआधी पाय विचारायचो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत हजर झाले. सातवीच्या मुलांनी फळ्याजवळ खुर्ची आणून ठेवली होती, आणि पाय ठेवायला एक स्टूल. मला उभी राहून शिकवायची सवय, पहिल्या आठवड्यात जीभच चालेना. मग तंबाखूच्या धड्याचा दिवस आला. मी मुलांना सांगितले, "मिश्री म्हणजे तंबाखू. तुमच्या टीचरने वीस वर्षे लावली. म्हणून टीचरचा पाय उशिरा बरा होतोय." वर्गात सन्नाटा. मधल्या सुट्टीत एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, माझी अम्मी पण लावते. तिला सांगू?" मी म्हणाले, "सांग, पण ओरडू नकोस. तिला म्हण, टीचरने बोलावलंय." ती बाई आली. आता आणखी तिघी येतात.

पाचव्या महिन्याच्या शेवटी काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाभोवती पांढरा ढग दिसला. डॉक्टर म्हणाले, जुळले. अल्लाहचे शुक्र. स्क्रू काढल्यामुळे, चालण्यामुळे की मिश्री सुटल्यामुळे, ते मला माहीत नाही.

मात्र पाय पूर्वीसारखा झाला असे मी म्हणणार नाही. थंडीत घोटा दुखतो. गुडघ्याच्या वाटीखाली, जिथून सळई घातली तिथे, जमिनीवर गुडघा टेकला की कळ येते. ही सळई बसवलेल्या पुष्कळ लोकांना हा त्रास राहतो, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे सजदा अजून खुर्चीवरूनच. रमजानमध्ये तरावीहलाही मी खुर्चीच घेतली, सासूबाईंच्या बाजूला. पहिल्या दिवशी लाज वाटली. नंतर वाटली नाही.

हल्ली संध्याकाळी आम्ही दोघी तळ्यावर जातो. त्या डावीकडे झुकतात, मी उजवीकडे. घरापासून तळ्यापर्यंत माझी पूर्वीची गाडीची पाच मिनिटे होती, आता चालत पंचवीस लागतात. वाटेत त्या दोनदा थांबतात. कुठे थांबायचे हे त्यांना पक्के माहीत आहे: कोणती पायरी, कोणती सावली. साठ वर्षांत त्यांनी जिथे राहिल्या तिथला नकाशाच असा बनवलेला आहे. सळई, स्क्रू, एक्स-रे यातले काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही, त्यांनी तो पाय घेऊन चार मुले वाढवली, आणि मी दहा पावले पुढे उभी राहून घड्याळ बघत होते.

परवा तळ्याच्या बाकावर मी त्यांना म्हटले, "अम्मी, तुम्ही पण मिश्री सोडा ना आता." त्यांनी माझ्याकडे पाहिले, पदराची गाठ चाचपली आणि म्हणाल्या, "माझे हाड जुळून साठ वर्षे झाली."

पण त्या दिवसापासून त्यांची डबी ओट्यावर दिसत नाही. कुठे लपवली आहे ते मला माहीत आहे. कपड्यांच्या मागे.